रँडी शेकमन आणि पेशीतली वाहतूक: नेहमी विचारले जाणारे प्रश्न

मी सेल बायोलॉजी शिकवते आणि त्याआधी काही वर्षं यीस्टवर काम केलंय, त्यामुळे शेकमन यांचा विषय निघाला की प्रश्न ठरलेले येतात. ते सगळे इथे एकत्र केलेत. काही उत्तरं दोन ओळींची आहेत, म्युटंटवालं (म्युटंट म्हणजे जीन बिघडलेली पेशी) मात्र लांबलंय, कारण माझ्या मते सगळी गंमत तिथेच आहे.

शेकमन म्हणजे नक्की कोण?

अमेरिकन सेल बायोलॉजिस्ट. जन्म ३० डिसेंबर १९४८, मिनेसोटा राज्यातल्या सेंट पॉलचा. कॉलेज लॉस एंजेलिसच्या यूसीएलएमध्ये, पीएचडी स्टॅनफर्डला आर्थर कॉर्नबर्ग यांच्याकडे, मग पोस्टडॉक सॅन डिएगोला जोनाथन सिंगर यांच्या लॅबमध्ये, आणि १९७६ मध्ये बर्कलीच्या कॅलिफोर्निया विद्यापीठात नोकरीला लागले ते तिथेच राहिले. २००२ चं लास्कर पारितोषिक जेम्स रॉथमन यांच्यासोबत मिळालं, २०१३ चं वैद्यकशास्त्राचं नोबेल रॉथमन आणि थॉमस सुडहॉफ यांच्यासोबत.

पेशीच्या आत कसली वाहतूक? तिथे जायला जागा तरी किती असते?

जागा कमी आहे पण खोल्या खूप आहेत. रायबोसोमवर प्रोटीन बनतं, पण त्यातलं बरंच तिथे वापरायचं नसतं. इन्सुलिन बाहेर रक्तात जायला हवं, कोलॅजन पेशीच्या बाहेर जायला हवं, हार्मोनचा रिसेप्टर वरच्या मेम्ब्रेनमध्ये, म्हणजे पेशीच्या पातळ पडद्यात, जाऊन बसायला हवा. हे सगळं आधी एंडोप्लाझ्मिक रेटिक्युलममध्ये शिरतं (पुढे नुसतं ईआर म्हणते), तिथून गॉल्जी नावाच्या पुढच्या खोलीत, तिथून बाहेर. आणि एका खोलीतून दुसऱ्या खोलीत माल जातो तो छोट्या फुग्यांत भरून. पाठ्यपुस्तकात त्यांना पुटिका म्हणतात, लॅबमध्ये सगळे वेसिकलच म्हणतात. साधारण ६० ते १०० नॅनोमीटरचा एक वेसिकल, म्हणजे केसाच्या जाडीत हजारेक एका रांगेत बसतील. एका मेम्ब्रेनवर कळी फुटल्यासारखा उगवतो, तुटतो, पुढच्या मेम्ब्रेनला चिकटतो आणि त्यात मिसळून जातो. माल पोचला.

पण हे तर जॉर्ज पलाडेंनी आधीच दाखवलं होतं ना?

रस्ता दाखवला होता, बरोबर. पलाडे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी गिनीपिगच्या स्वादुपिंडाच्या पेशींना थोडा वेळ रेडिओअ‍ॅक्टिव्ह अमिनो आम्ल दिलं, मग थांबवलं, आणि इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपखाली ते रेडिओअ‍ॅक्टिव्ह प्रोटीन ईआरमधून गॉल्जीत आणि तिथून बाहेर कसं सरकतं ते टप्प्याटप्प्याने पाहिलं. त्यासाठी १९७४ चं नोबेल त्यांना मिळालं, अल्बर्ट क्लोद आणि क्रिस्तियाँ द द्यूव यांच्याबरोबर. पण फोटोत स्टेशनं दिसतात, गाडी कोण सोडतं ते दिसत नाही. कुठलं प्रोटीन कळी फोडतं, कुठलं ती तोडतं, पुढची मेम्ब्रेन ओळखतं कोण, यातलं एकही नाव तेव्हा कोणाकडे नव्हतं. शेकमननी शोधली ती ही नावं, आणि मग त्यातलं प्रत्येक जण काय काम करतं तेही.

डीएनएवर पीएचडी केलेला माणूस इकडे कसा वळला?

खरं तर पद्धत तिथूनच आली. कॉर्नबर्ग यांच्या लॅबमध्ये डीएनएची कॉपी कशी होते हे पेशी फोडून, टेस्टट्यूबमध्ये, शुद्ध केलेल्या प्रोटीननी परत घडवून बघायची शिस्त होती. ज्या बॅक्टेरियाचा एखादा जीन बिघडलाय त्याचा रस घ्यायचा, त्यात कॉपीचं काम होत नाही, मग चांगल्या बॅक्टेरियातलं एकेक प्रोटीन घालत जायचं आणि कुठल्याने काम पुन्हा सुरू होतं ते पकडायचं. म्हणजे जेनेटिक्सने सांगायचं कुठे बघायचं आणि बायोकेमिस्ट्रीने सांगायचं ते काय करतं. सिंगर यांच्याकडे मेम्ब्रेन शिकले. मग बर्कलीला आल्यावर विचार असा की हीच दुहेरी पद्धत मेम्ब्रेनच्या वाहतुकीला लावली तर? तोपर्यंत तसं कोणी केलं नव्हतं.

यीस्टच का? यीस्टमध्ये माणसासारखं काही असतं का?

हा प्रश्न त्या काळात मोठमोठे लोकही विचारत होते. यीस्टच्या पेशीत स्वादुपिंडासारखे ईआरचे थर दिसत नाहीत, गॉल्जीची सुबक चळतही दिसत नाही, त्यामुळे यातून प्राण्यांबद्दल काय कळणार अशी शंका होती. पण यीस्टचे फायदे बघा. दीड तासात पेशी दुप्पट होते. पेशीत जीनची एकच प्रत ठेवता येते, म्हणजे एक बिघडला की परिणाम लगेच दिसतो, दुसरी प्रत झाकून नेत नाही. दोन म्युटंटचं लग्न लावता येतं आणि बिघाड एकाच जीनमध्ये आहे का दोन वेगळ्या ते कळतं. आणि सगळ्यात महत्त्वाचं म्हणजे यीस्टला कळी येते आणि ती कळी वाढायला नवी मेम्ब्रेन लागते. ती मेम्ब्रेन कुठून येते? वेसिकलमधून. म्हणजे वाहतूक बंद तर वाढ बंद. हे पुढे फार कामाला आलं.

पहिला ग्रँटचा अर्ज नाकारला होता हे खरं का?

हो. अमेरिकेच्या एनआयएचकडे, म्हणजे वैद्यकीय संशोधनाला पैसे देणाऱ्या सरकारी संस्थेकडे, केलेला पहिला अर्ज परत आला. तसं बघितलं तर परीक्षकांचंही समजू शकतं, अर्जदाराला यीस्टचा अनुभव नव्हता. पण काम थांबलं नाही, छोट्या निधीवर सुरू झालं, आणि म्युटंट हातात आल्यावर चित्र बदललं. पुढे १९९१ पासून ते हॉवर्ड ह्यूजेस मेडिकल इन्स्टिट्यूटचे संशोधक झाले.

ते सेक म्युटंट शोधले कसे? जरा नीट सांगा.

सांगते, आणि इथे घाई करू नका. सेक हे नाव सिक्रिशनवरून, म्हणजे पेशीने माल बाहेर टाकणं.

आधी अडचण समजून घ्या. बाहेर माल टाकणं पूर्ण बंद झालेली पेशी जगणारच नाही. मग मेलेल्या पेशीचा अभ्यास कसा करायचा? म्हणून तापमानावर चालणारे म्युटंट. २४ अंशाला पेशी ठणठणीत, ३७ अंशाला बिघाड चालू. २४ वर वाढवायच्या, ३७ च्या पाण्यात ठेवायच्या, काय होतं ते बघायचं.

दुसरी गोष्ट म्हणजे मोजायचं काय. यीस्ट इन्व्हर्टेज नावाचं एन्झाइम बाहेर टाकतं, साखर फोडायला. ते पेशीच्या भिंतीखाली, पण मेम्ब्रेनच्या बाहेर राहतं. आता गंमत अशी की साखर भिंतीतून आत येते पण मेम्ब्रेनमधून येत नाही, म्हणून अख्ख्या पेशी साखरेत ठेवल्या की फक्त बाहेर पोचलेलं इन्व्हर्टेज मोजलं जातं. मग त्याच पेशी फोडायच्या आणि पुन्हा मोजायचं, आता आत अडकलेलंही धरलं जातं. दोन आकड्यांतला फरक म्हणजे अडकलेला माल. मी हे स्वतः केलंय, वॉटर बाथसमोर उभं राहून दर काही मिनिटांनी थोडं कल्चर काढून बर्फात टाकायचं, हाताला यीस्टचा वास दिवसभर राहतो, आणि संध्याकाळी म्युटंटच्या नळीत आतला आकडा चढताना बघितला की अंगावर काटा येतो.

शेकमन यांचे विद्यार्थी पीटर नोविक यांनी असाच एकेक कॉलनी तपासून पहिला म्युटंट पकडला, सेक१. १९७९ मध्ये त्याचा पेपर आला. ३७ अंशाला ठेवलेल्या या पेशीचा इलेक्ट्रॉन मायक्रोस्कोपमधला फोटो तुम्ही कधीतरी नक्की बघा. नेहमीच्या यीस्टमध्ये मोजकेच वेसिकल दिसतात, इथे पेशी वेसिकलनी गच्च भरलेली, सगळे निघालेत आणि कोणीच पोचलं नाहीये. आणि परत २४ अंशाला आणलं की अडकलेलं इन्व्हर्टेज बाहेर पडतं, नवीन प्रोटीन बनवणं औषधाने बंद केलं असलं तरी. म्हणजे ते वेसिकल कचरा नव्हते, खरोखर वाटेत थांबलेला माल होता.

पण एकेक कॉलनी तपासून किती जीन मिळणार? इथे एक युक्ती आली. बिघडलेली पेशी ३७ अंशाला प्रोटीन बनवतच राहते, पण मेम्ब्रेन वाढत नाही म्हणून आकार वाढत नाही. त्याच आकारात जास्त माल कोंबला तर काय होईल? पेशी जड होईल, म्हणजे घनता वाढेल. मग लुडॉक्स नावाचं एक द्रावण असतं, सिलिकाच्या बारीक कणांचं, त्यात घनतेची उतरंड तयार होते. म्युटेशन केलेल्या पेशी त्यावर टाकायच्या, सेंट्रिफ्यूज फिरवायचं, साध्या पेशी वर राहतात आणि जड पेशी खाली जातात. खालच्या काढून घ्यायच्या. लाखो पेशींतून हवे ते आपोआप वेगळे. १९८० च्या पेपरमध्ये अशा म्युटंटचे २३ गट सांगितले, म्हणजे २३ वेगवेगळे जीन.

मी विद्यार्थ्यांना नेहमी हेच दाखवते, की आधी त्यांनी बिघडलेली पेशी हाताला कशी लागेल याचा विचार केला, आणि उत्तर निघालं की जड लागेल. जीन कुठला ते तेव्हा माहीतही नव्हतं.

२३ जीन मिळाले, पण कुठला आधी कुठला नंतर हे कसं कळलं?

दोन म्युटेशन एकाच पेशीत आणून. समजा एकामुळे माल ईआरमध्ये अडकतो आणि दुसऱ्यामुळे शेवटच्या वेसिकलमध्ये. दोन्ही एकत्र असतील तर माल कुठे अडकेल? जे आधी येतं तिथेच, पुढे जायचा प्रश्नच नाही. असे जोड म्युटंट करून १९८१ मध्ये क्रम लावला: ईआर, मग गॉल्जी, मग वेसिकल, मग बाहेर. पलाडेंनी प्राण्यांच्या पेशीत पाहिलेला रस्ता यीस्टमध्येही तोच निघाला. पुढे १९९० मध्ये क्रिस कायझर यांच्यासोबत ईआर ते गॉल्जी या एकाच टप्प्यातले जीनही दोन भागांत वाटता आले, काही वेसिकल बनवणारे आणि काही तो पुढे जोडणारे.

सेक६१ चं नाव वेगळं घेतात, का?

कारण आधीचे सगळे जीन ईआरच्या पुढचे होते, आणि हा ईआरच्या दारातला आहे. दार शोधायची युक्ती मला आजही लुडॉक्सइतकीच आवडते. पेशीला हिस्टिडिन बनवायला एक एन्झाइम लागतं आणि ते ईआरच्या बाहेर, सायटोप्लाझममध्ये (पेशीतल्या द्रवात) असलं तरच कामाचं. रे डेशेस यांनी त्याला ईआरमध्ये जायचा पत्ता जोडला, मग पेशी ते एन्झाइम आत ढकलते आणि हिस्टिडिन मिळत नाही म्हणून उपाशी राहते. आता ज्या पेशीचं दार बिघडलंय तिचं एन्झाइम ईआरच्या बाहेरच राहतं आणि ती जगते. म्हणजे या वेळी बिघडलेलीच वाढते, चांगली वाढत नाही. १९८७ चं काम हे. सेक६१ म्हणजे प्रोटीन ज्या बोगद्यातून ईआरमध्ये शिरतं तो, आणि त्याचे भाऊबंद बॅक्टेरियापासून माणसापर्यंत सगळ्यांत आहेत.

रॉथमन आणि शेकमन यांची स्पर्धा होती का?

वाट वेगळी होती एवढं नक्की. रॉथमन यांनी जीन शोधले नाहीत, सस्तन प्राण्याच्या पेशी फोडून टेस्टट्यूबमध्ये गॉल्जीतली वाहतूक चालू केली आणि त्यातून एनएसएफ नावाचं प्रोटीन शुद्ध केलं. मग १९८९ मध्ये कळलं की हे एनएसएफ आणि यीस्टचं सेक१८ (त्या २३ पैकी एक) एकच. विचार करा, एक माणूस यीस्टच्या म्युटंटकडून येतोय, दुसरा प्राण्याच्या पेशीच्या रसाकडून, आणि दोघं एकाच प्रोटीनवर येऊन थांबले. त्या दिवसानंतर यीस्टमधून काय कळणार असं विचारायला फारसं कोणी उरलं नसावं.

आणि सुडहॉफ?

ते मेंदूच्या पेशींकडून आले. न्यूरॉनमध्ये वेसिकल भरून तयार असतो पण सिग्नल येईपर्यंत थांबतो, आणि कॅल्शियम आत आलं की क्षणात फुटतो. कॅल्शियम ओळखणारं प्रोटीन सिनॅप्टोटॅग्मिन, त्यावरचं काम मुख्यतः त्यांचं. यीस्टच्या सेक१ चा भाऊ न्यूरॉनमध्ये आहे, मंक१८, तो नसेल तर न्यूरोट्रान्समीटर बाहेर पडत नाही.

कॉप-टू म्हणजे काय?

ईआरवर कळी फोडणाऱ्या प्रोटीनचा संच. शेकमन यांच्या लॅबने १९९४ मध्ये पाच शुद्ध घटक वापरून टेस्टट्यूबमध्ये ईआरच्या मेम्ब्रेनवर वेसिकल उगवून दाखवला, कॉर्नबर्गकडची शिस्त इथे फळाला आली. सार१ आधी मेम्ब्रेनमध्ये रुततो, मग सेक२३ आणि सेक२४ ची जोडी बसते, त्यातला सेक२४ माल निवडतो, मग बाहेरून सेक१३ आणि सेक३१ पिंजरा बांधतात आणि मेम्ब्रेन वाकते. नंतर तर त्यांनी पेशीची मेम्ब्रेनही बाजूला ठेवली, नुसत्या चरबीच्या कृत्रिम फुग्यावर हे पाच घटक टाकले आणि तरी कळ्या फुटल्या.

एक प्रश्न अजून लोकांना छळतो: कोलॅजनची कांडी बनते ती ३०० नॅनोमीटर लांब आणि वेसिकल त्याच्या पाव आकाराचा, मग ती मावते कशी? यावर आजही जोरात काम आणि वाद दोन्ही चालू आहेत.

तो दोरीवर चालणाऱ्या प्रोटीनचा व्हिडिओ, ते पण शेकमन का?

नाही, ते किनेसिन, १९८५ मध्ये स्क्विडच्या चेतापेशीतून सापडलं. ते वेसिकलला ओढून नेतं. शेकमन यांचं काम वेसिकल बनतो कसा आणि मिसळतो कसा यावर. दोन्ही वाहतूकच, पण वेगळी खाती.

याचा माणसाला उपयोग काय?

सरळ उपयोग आधी सांगते. यीस्ट बाहेर प्रोटीन टाकतं आणि ते आपल्यासारख्याच वाटेने टाकतं हे कळल्यामुळे यीस्टला कारखान्यासारखं वापरता येतं, मधुमेहाच्या रुग्णांचं बरंच इन्सुलिन आज असं बनतं. दुसरं म्हणजे आजार. यीस्टच्या या जीनचे भाऊबंद माणसातही आहेत. त्यातला सेक२३ए बिघडला तर मुलांच्या कवटीची हाडं नीट जुळत नाहीत, कारण कोलॅजन अडकून पडतं. सेक२३बी बिघडला तर एक प्रकारचा जन्मजात अ‍ॅनिमिया होतो. सार१बी बिघडला तर आतड्याच्या पेशीतून चरबी पुढे जात नाही. हे सगळं २००० नंतर कळलं आणि डॉक्टरांना जीनचं नाव वाचल्यावर ते काय करतं हे आधीच माहीत होतं, कारण वीस वर्षांपूर्वी कोणीतरी यीस्ट जड होतं का ते बघत होतं.

लहानपणीच्या मायक्रोस्कोपची गोष्ट खरी आहे का?

खरी, त्यांनी स्वतः सांगितलेली. लोकांच्या अंगणातलं गवत कापून वगैरे मायक्रोस्कोपसाठी पैसे साठवत होते, आणि घरात गरज पडली की आई त्यातून उसने घ्यायची. एक दिवस मुलगा इतका वैतागला की सायकल काढून पोलीस स्टेशनला गेला आणि म्हणाला मला घर सोडायचंय, माझ्या मायक्रोस्कोपला पैसेच उरत नाहीत. त्याच दुपारी वडिलांनी गहाण वस्तूंच्या दुकानातून १०० डॉलरला एक घेऊन दिला. तो आता स्टॉकहोमच्या नोबेल संग्रहालयात आहे.

जर्नल्सशी त्यांचं भांडण काय होतं?

डिसेंबर २०१३ मध्ये, नोबेल घ्यायला गेले त्याच सुमारास, त्यांनी वर्तमानपत्रात लिहिलं की नेचर, सेल आणि सायन्समध्ये आता आमची लॅब पेपर पाठवणार नाही. म्हणणं असं की तिथली जागा मुद्दाम कमी ठेवलेली असते आणि कुठे छापलं यावरून काम जोखायची वाईट सवय लागते. काही जण म्हणाले यांचे स्वतःचे पेपर तिथेच आलेत आणि नोबेल मिळाल्यावर हे बोलणं सोपं आहे. हा आक्षेप मला अर्धा पटतो, नोकरी शोधणाऱ्या पोस्टडॉकला तसा निर्णय परवडत नाही. पण ते नुसते बोलले नव्हते हेही खरं. आधी २००६ ते २०११ पीएनएएस या अमेरिकेच्या विज्ञान अकादमीच्या जर्नलचे मुख्य संपादक होते, मग ईलाइफ हे सगळ्यांना फुकट वाचता येणारं जर्नल उभं केलं आणि २०१९ पर्यंत चालवलं.

आता काय करतात?

लॅब एक्सोसोमकडे वळली, म्हणजे पेशी बाहेर सोडते ते छोटे वेसिकल, त्यात आरएनएचे तुकडे निवडून कसे भरले जातात वगैरे. आणि पार्किन्सन. त्यांच्या पत्नीला पार्किन्सन होता, २०१७ मध्ये त्या गेल्या. त्यानंतर या आजाराच्या मूळ कारणांवर अनेक देशांतल्या लॅबना एकत्र बांधणाऱ्या मोठ्या उपक्रमाचं शास्त्रीय नेतृत्व त्यांनी घेतलं. तिथे अट अशी की डेटा आणि निष्कर्ष लवकर आणि उघड वाटायचे.

मला या विषयात यायचंय, सुरुवात कुठून करू?

१९८० चा २३ गटांवाला पेपर काढा आणि निकाल वाचायच्या आधी फक्त पद्धत वाचा. मग कागद घेऊन लिहा, की तुम्हाला ज्या गोष्टीत रस आहे ती पेशीत बिघडली तर पेशी जड होईल, हलकी होईल, रंग बदलेल, कशावर उपाशी राहील, कशावर उलट जगेल. माझ्याकडे येणाऱ्या प्रत्येकाला मी पहिल्या आठवड्यात हेच करायला लावते आणि पिपेट त्यानंतर देते.